डेपोतला माउस

ठिणगी हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर दर महिन्याला छापून येतं, पण बस डेपोत ते कोणी घेत नाही. एका जुन्या साहेबाने एकदा चारचौघांत तिला विचारलं होतं, “तुम्हाला काय कळतं हो यातलं?” तेव्हा ती खुर्चीवरून उठली, “बसा, करून दाखवा” म्हणाली आणि खुर्ची त्याच्याकडे ढकलली. खुर्चीला चाकं होती. ती थेट साहेबाच्या नडगीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती ठिणगी. नाव तिला आवडतं, पण कोणी हाक मारली की ती मुद्दाम कपाळाला आठी घालते.

ती आली तिकीट खिडकीवर. खिडकीतलं यंत्र सारखं रुसायचं, दुरुस्तीवाला यायला आठवडा लावायचा, रांगेतले लोक शिव्या तिला घालायचे. शिव्या खायच्याच तर निदान यंत्र उघडून तरी खाऊ, म्हणून तिने ते उघडलं. मग दुसरं उघडलं. भंगारात काढलेली कॉम्प्युटरं घरी आणून, जोडून, बिघडवून, पुन्हा जोडून ती शिकली. प्रमाणपत्र एकही नाही. आज शहरातल्या सगळ्या थांब्यांवरचे फलक, म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटावरून किती वाजता, हे सगळं ज्या एका सर्व्हरवरून चालतं, तो तिच्या ताब्यात आहे. सर्व्हर डेपोच्या जिन्याखालच्या खोलीत. त्याला काही झालं की सगळं शहर चुकीच्या गाडीत चढतं.

मग तिच्या बाबांना झटका आला.

बाबा मोटार शिकवायचे. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसले. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. शिकणारा कितीही भलतीकडे निघाला तरी गाडी बाबांच्या पायात असायची. आता उजवं अंग गेलं. बोलणं जड झालं, जीभ मात्र तेवढीच तिखट राहिली. ठरावीक वेळाने त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दादा, म्हणजे ठिणगीचा थोरला भाऊ, दुसऱ्या गावात असतो आणि फोनवरून काळजी करतो. त्याने एका संस्थेत खाट बघूनही ठेवली होती.

“तिथे सगळी सोय आहे गं. तू तरी किती दिवस निभावणार?”

“निभावेपर्यंत.”

“राग कसला करतेस? मी आपला पर्याय सांगतोय.”

“पर्याय तूच वापर. एक आठवडा इथे येऊन रहा.”

दादाला तेवढ्यात दुसरा फोन आला. त्याला अशा वेळी नेहमीच दुसरा फोन येतो.

तिने डेपोत अर्ज केला: सर्व्हरचं काम घरून करीन. त्याला लागणारी डबी डेपोत आधीच पडून होती. सर्व्हरचा पडदा, कीबोर्ड आणि माउस तिला जोडायचे आणि ती नेटवर्कला जोडायची, की घरच्या लॅपटॉपवर सर्व्हरचा पडदा दिसतो. आपण इथे बटण दाबलं की तिथे दबतं, इथे माउस हलवला की तिथला बाण हलतो. सर्व्हर पार बंद करून पहिल्यापासून चालू करायचा असला तरी घरबसल्या होतं. बाबांसाठी सुट्टी घेण्याआधी तिने ती स्वतःच्या हाताने जोडून ठेवली होती.

डेपोच्या आताच्या साहेबांनी अर्जाकडे न बघता सांगितलं, “कागदावर सगळंच होतं. शुक्रवारी मी सर्व्हरसमोर बसतो, तुम्ही घरून करून दाखवा. सर्व्हर बंद, सर्व्हर चालू, फलक सुरू. जमलं तर मान्य. नाही जमलं तर सोमवारी टेबलावर हजर, नाहीतर राजीनामा. माझ्याकडे तिसरं काही नाही.”

सोमवारी टेबलावर हजर म्हणजे मंगळवारी बाबा संस्थेतल्या त्या खाटेवर. एवढं साधं गणित होतं.

बाबांच्या खाटेशेजारी तिने इस्त्रीचं टेबल मांडलं, वर लॅपटॉप ठेवला आणि डबीला हाक दिली. सर्व्हरचा पडदा आला. त्यावर एक नाही, दोन बाण होते. एक तिचा, एक सर्व्हरचा. ती माउस बोटभर सरकवायची, तिचा बाण बोटभर जायचा, सर्व्हरचा वीतभर. उजवीकडे नेऊन परत आणलं की दोघांमधलं अंतर आणखी वाढलेलं. बटणावर बाण ठेवावा तर दाब भलतीकडेच पडायचा. लांबच्या माणसाला काठीने खाजवावं तसं चाललं होतं.

कीबोर्डची वेगळीच तऱ्हा. पासवर्डातली चिन्हं ती एक दाबायची, तिकडे दुसरीच उमटायची, कारण सर्व्हरला वाटत होतं की आपल्याला भलत्याच देशाचा कीबोर्ड जोडलाय. पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला, आणि सर्व्हरने तिलाच दाराबाहेर काढलं. स्वतः बांधलेल्या घराबाहेर उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ. कुलूप आपोआप निघेपर्यंत ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली. एरवी दोनदा घासावं न लागणारं पातेलंही तिने दोनदा घासलं.

डबी विकणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरावर एक गोड आवाज होता.

“मॅडम, बंद करून चालू करून बघितलंत का?”

“तेच करायला ही डबी घेतलीय. तीच चालत नाहीये. काय बंद करू, तुम्हाला?”

गोड आवाजाने फोन वरिष्ठांकडे देतो म्हणून सांगितलं, आणि मग बराच वेळ बासरी वाजत राहिली.

शेवटी तिचं तिनेच शोधलं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये माउस जोरात सरकवला तर बाण आणखी जोरात पळावा, अशी सोय चालू होती. समोर बसून काम करणाऱ्याला ती बरी. लांबून करणाऱ्याच्या जिवावर उठते, कारण इथल्या हालचालीचा आणि तिथल्या हालचालीचा मेळच राहत नाही. ती बंद करायला माउस हवा, आणि माउसच तर ऐकत नव्हता. मग कीबोर्डवरून, एकेक रकाना पुढे सरकत, कुठे आहोत ते डोळे बारीक करून बघत, मध्येच नेटवर्क तुटलं की पुन्हा पहिल्यापासून, असं करत ती त्या चौकटीपर्यंत पोचली. चौकटीतली खूण काढली. कीबोर्डचा देश बदलला. दोन्ही बाण एकमेकांवर येऊन बसले, एकाखाली एक, सावलीसारखे.

“बाबा! जमलं!”

बाबांनी पडद्याकडे बघितलं. त्यांची खाट अशी होती की त्यांना पडदा दिसायचा, आणि दिवसभर त्यांना दुसरं बघायला काही नव्हतं.

“चालव,” ते म्हणाले.

तिने बाण फलकांच्या खिडकीकडे नेला. अर्ध्या वाटेवर बाणाने झटका खाल्ला आणि तो सरळ पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिने परत वर आणला. तो परत कोपऱ्यात. तिने दात ओठ खाऊन ओढला, तर तो थरथरला, थोडा वर आला आणि पुन्हा खाली खेचला गेला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्या वेळी तिच्या तोंडाकडे बघून कळलं असतं. तिने सेटिंग तपासली. बरोबर होती. माउस बदलला. शेजारणीचा मागून आणला. केबल बदलली. डबीला नवं सॉफ्टवेअर घातलं. दोन दिवस हेच चाललं. गंमत म्हणजे कधीकधी तासभर सगळं मुकाट चालायचं, आणि सगळं ठीक झालं म्हणून ती चहा ठेवायला उठून परत येते तोवर बाण पुन्हा कोपऱ्यात. बिघाडाला निदान काही शिस्त असते. याला शिस्तच नव्हती. हा नुसता छळ होता.

गुरुवारी सकाळी ती माउसशी मारामारी करत असताना बाबा खाटेवरून म्हणाले, “पाय आहे.”

“काय?”

“दुसऱ्याचा. पाय.”

“बाबा, आत्ता नको हं. पाय दुखतोय का तुमचा? थांबा, उशी देते.”

“माझा नाही.” डाव्या हाताने त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “तिकडे. कोणीतरी. बसलंय शेजारी.”

“तिकडे कोणी नाही बसलेलं. जिन्याखालची खोली आहे ती, तिला कुलूप असतं. उंदीरसुद्धा परवानगी काढून जातात.”

“मी चाळीस वर्षं शेजारी बसलोय,” बाबा म्हणाले. एवढं लांब वाक्य बोलून त्यांना धाप लागली. “बिघडलेली गाडी वेगळी चालते. धरलेली वेगळी.”

तिने उशी त्यांच्या पाठीशी जरा जोरातच लावली आणि टेबलाशी येऊन बसली. बाण कोपऱ्यात होता. तिने हात माउसवर ठेवला नाही. नुसती बघत राहिली. आणि तिचा हात मांडीवर असताना, बाण कोपऱ्यातून अगदी अलगद, दबकत, इंचभर पुढे आला. थांबला. इकडे तिकडे बघितल्यासारखा हलला. परत कोपऱ्यात गेला.

ठिणगीच्या अंगावर काटा आला. मग काटा गेला आणि राग आला. तिने कीबोर्डवरूनच सर्व्हरवर एक कोरी खिडकी उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

कोण आहे तिथे?

बराच वेळ काही नाही. मग बाण एकदम पडद्यावर गरगरा फिरायला लागला, खोलीत कोंडलेल्या चिमणीसारखा.

माउस सोडा आणि लिहा, तिने लिहिलं.

एकेक अक्षर, दोन अक्षरांमध्ये चहा पिऊन येता येईल इतक्या सावकाश, तिच्या ओळीखाली उमटलं:

तू कोण

मी सर्व्हरवाली. घरून काम करतेय. तिने खाली आपला नंबर टाकला आणि पुढे लिहिलं: आत्ताच्या आत्ता फोन करा.

फोन आला. पलीकडे धापा टाकणारा आवाज.

“ठिणगी? तू आहेस होय? अगं, मला वाटलं मशीनला भूत लागलं!”

आवाज ओळखीचा होता. डेपोतले मामा. सगळ्या डेपोचे मामा. जुने कंडक्टर, गुडघा गेल्यामुळे गाडीवरून खाली उतरवलेले.

“मामा, तुम्ही तिथे काय करताय?”

“ड्यूटी! शेजारच्या खोलीतल्या बॅटऱ्या चोरीला गेल्या ना, तेव्हापासून साहेबांनी मला इथे स्टुलावर बसवलंय. परवा बघतो तर पडदा आपोआप उजळला आणि बाण आपोआप चालायला लागला. खोलीत मी एकटा. माझी तर पाचावर धारण बसली. साहेबांना जाऊन सांगितलं, मशीन आपोआप चालतंय. साहेब म्हणाले, लक्ष ठेवा. मग मी डोळ्यात तेल घालून बसलोय. बाण निघाला की धरतो आणि कोपऱ्यात नेऊन ठेवतो. एकदाही कुठे जाऊ दिला नाही!”

“एकदाही नाही,” ठिणगी म्हणाली. तिचा आवाज फार हळू झाला होता आणि हे वाईट लक्षण होतं. “मामा, दोन दिवस! दोन दिवस मी इथे केस उपटतेय! शेजारणीचा माउस आणला! तुम्हाला एवढं कळत नाही, की बाण हलतोय म्हणजे कोणीतरी काम करत असेल?”

“मला कोणी सांगितलं का?” मामांचाही आवाज चढला. “तू सांगितलंस? साहेबांनी सांगितलं? उद्या त्या मशीनचं काही झालं असतं तर कोणाला धरलं असतं? या गुडघ्याला धरलं असतं! बाकी सगळ्यांना इथे टेबल आहे, मला हे एक स्टूल राहिलंय.”

कोणी सांगितलं नव्हतं हे खरंच होतं. साहेबांना दोन्ही गोष्टी माहीत होत्या: ही घरून बाण चालवतेय, आणि तिकडे बाण आपोआप चालतोय. दोन्ही त्यांनी दोन वेगवेगळ्या कानांनी ऐकल्या आणि मधल्या मध्ये विरून जाऊ दिल्या.

“चुकलं माझं, मामा,” ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून सहज निघत नाहीत. बाबांनी खाटेवरून मान वळवून बघितलं. “उद्या शुक्रवारी साहेब तिथे येऊन बसणार आहेत. उद्या बाण कितीही पळाला तरी माउसला हात लावायचा नाही. तुम्हीही नाही आणि दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. माझे बाबा घरात राहणार की नाही ते त्या बाणावर आहे.”

“कोणालाच नाही?”

“कोणालाच नाही.”

“मग झालं,” मामा म्हणाले. “आता ते माझ्याकडे लागलं.”

खरं तर त्या डबीतच तिथला माउस बंद करून टाकायची सोय होती. पण त्या सोयीचा वेगळा पासवर्ड साहेबांकडे असतो, आणि साहेबांकडे म्हणजे कुठेच नाही.

शुक्रवारी साहेब जिन्याखालच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. मामांचा फोन स्पीकरवर लावून सर्व्हरच्या डोक्यावर ठेवला होता. घरी ठिणगीने बाबांची कूस आधीच बदलून घेतली, त्यांचं तोंड पडद्याकडे केलं आणि माउसवर हात ठेवला.

सर्व्हर बंद केला. पडदा काळा झाला.

“बंद पडला,” साहेब म्हणाले.

“बंद केलाय, साहेब. तुम्हीच सांगितलं होतं.”

सर्व्हर चालू केला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आल्या, त्यातून कीबोर्डवरून वाट काढली. पासवर्ड दिला, चिन्हं बरोबर उमटली. फलकांची खिडकी उघडली. तिथे दोन मोठी बटणं शेजारी शेजारी असतात: एक सगळे फलक चालू करतं, एक सगळे पुसून टाकतं. ज्याने ती अशी शेजारी ठेवली त्याला ठिणगी गेली कित्येक वर्षं शोधतेय. तिने बाण पहिल्या बटणाकडे नेला. सावकाश. सर्व्हरचा बाण सावलीसारखा मागे येत होता.

“हां, हां, तेच,” साहेबांचा आवाज आला. “ते नाही, हे. अहो इथे. इथे दाबा.”

आणि बाणाने झटका खाल्ला.

“साहेब, हात काढा!” ठिणगी ओरडली. पण तिचं बोट दबलं होतं, आणि बाण आता दुसऱ्या बटणावर होता. पडद्यावर प्रश्न आला: नक्की पुसायचे? ती ‘नाही’कडे धावली. तिच्या आधीच साहेबांनी घाईघाईने ‘हो’ दाबलं.

शहरातले सगळे फलक कोरे झाले. स्पीकरवरून डेपोच्या फलाटाचा गलका ऐकू यायला लागला. आधी कुजबुज, मग शिट्ट्या, मग एक बाई मोठ्याने विचारत होती की आता उभं तरी कुठे राहायचं.

“बघितलंत?” साहेब म्हणाले. “मी म्हणत होतो. लांबून होत नाही हे.”

ठिणगीने बाबांकडे बघितलं नाही. संस्थेतली ती खाट, हिरव्या पडद्यामागची, दादाने फोटो पाठवलेली, तिच्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली.

“साहेब,” स्पीकरवर मामांचा आवाज आला, “हात तुमचा होता.”

“काय?”

“मी बघितलं. बाण तिचा होता. हात तुमचा होता. काढा तो.”

“मामा, तुम्ही जरा बाहेर बसा.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, गुडघा कटकन वाजल्याचा आवाज आला आणि माउसची तार उपटल्याचा आवाज आला. पडद्यावरचा बाण हलका झाला. ठिणगीच्या हाताला ते कळलं, उतारावर गाडी सुटी झाल्यासारखं.

“चालव,” खाटेवरून बाबा म्हणाले.

तिने फलक परत आणले. एकेक थांबा हिरवा होत गेला. स्पीकरवरचा गलका हळूहळू नेहमीचा झाला.

आदेश पुढच्या आठवड्यात आला. त्यात घरून काम करायला तात्पुरती मान्यता होती. ‘तात्पुरती’खाली रेघ होती. पुढे लिहिलं होतं की डेपोतला माउस सर्व्हरला कायम जोडलेला ठेवावा, म्हणजे अधिकाऱ्यांना गरजेप्रमाणे लक्ष घालता येईल. मामांना वेगळा कागद मिळाला: कार्यालयाच्या वस्तूची तार परवानगीविना उपटल्याबद्दल खुलासा करावा.

“खुलासा मी लिहिते,” ठिणगी फोनवर म्हणाली. कागद वाचूनच तिचे कान तापले होते. “असा लिहिते की साहेब घरी नेऊन फ्रेम करतील.”

“तू नको. तू लिहिलास तर मला स्टुलावरूनही काढतील. मी लिहितो की पाय अडकला तारेत. गुडघा खराब आहे म्हणतो. त्या गुडघ्याचा आजवर काही उपयोग झाला नव्हता, आता होऊ दे.”

“आणि खरं काय ते कोणी लिहायचं?”

“तू आधी बाबांचं बघ,” मामा म्हणाले.

तिने फोन आपटला नाही, कारण फोन आपटला तर नवा घ्यावा लागतो. पण दिवसभर ती कोणाशी धड बोलली नाही.

साहेब अजूनही लक्ष घालतात. आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशी, काम ऐन रंगात असताना, बाण झटका खातो आणि भलतीकडे निघतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ठिणगी माउस धरून उलटा ओढायला लागली. दोघं पडद्यावर रस्सीखेच खेळत होते.

“सोड,” बाबा म्हणाले.

“सोडू? त्यांना?”

“स्टीअरिंगला. कधी झोंबायचं नाही.” धाप. “ब्रेक मार.”

ती थांबली. मग तिने कीबोर्डवरची दोन बटणं एकत्र दाबली. सर्व्हरच्या पडद्यावर कुलूप आलं. बाण फिरत राहिला, पण आता त्याला दाबायला काही नव्हतं. पुढे जायला पासवर्ड लागतो आणि तो ठिणगीकडे आहे.

फोन वाजला.

“अहो, हे बंद पडलं!” साहेब म्हणाले.

“बंद नाही पडलं, साहेब. मी थांबवलंय. आधी माउसवरून हात काढा.”

“मी फक्त बघत होतो.”

“हात काढलात का?”

पलीकडे खुर्ची मागे सरकली. मागून मामा खोकले. तो खोकला हसण्याच्या फार जवळचा होता.

“काढला,” साहेब म्हणाले. “उघडा आता लवकर.”

ठिणगीने घड्याळाकडे बघितलं आणि मग खाटेकडे.

“उघडते,” ती म्हणाली. “जरा थांबा. बाबांची कूस बदलायची वेळ झालीय.”

तिने फोन चालूच टेबलावर ठेवला, बाबांच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि अजिबात घाई केली नाही.